काटा हलला ती जागा

गंजलेल्या लोखंडाचा वास आला की मला रामटेकजवळचं ते नांगरलेलं वावर आठवतं. सत्तरच्या दशकात आम्ही तिथे मँगनीज शोधत होतो. जमिनीखाली खनिज असलं की आमच्या चुंबकी यंत्राचा काटा हलायचा, म्हणून किल्ल्या, पट्टे, सगळं लोखंड आधी बांधावर काढून ठेवावं लागे. वावराची मालकीण पहिल्याच दिवशी विळा घेऊन जवळ आली आणि काटा भिरभिरला. "काहून नाचून राहिला गा हा?" तिने मला विचारलं. मी समजावलं. मग ती विळा बांधावर ठेवून आली, पुन्हा घेऊन आली आणि काट्याकडे बघतच राहिली. "हा नाचला का तुमी तिथं खोदता?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी वावराच्या कोपऱ्यात काटा असा उसळला की आमच्या साहेबांनी लगेच मजूर लावले. हातभर खाली निघाला नांगराचा जुना फाळ. ती शांतपणे म्हणाली, "आता खोदलंच आहे, तं अजून जरासं खाली जा. मले इथंच विहीर पाह्यजे." साहेब चिडून पुढे निघाले, मजूर मात्र आणखी थोडं खोदून मगच आले. मँगनीज आम्हाला पुढे सापडलं. तिथे पाणी लागलं का, ते मला अजून माहीत नाही.