फॉर्म कोणासमोर भरला?

नोकरीत जबाब किती लिहून घेतले याची गणती नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक विसरलोही. त्या बाईंचा जबाब मात्र मला अजून जवळजवळ तोंडपाठ आहे. त्यात एक ओळ होती, जी मी स्वतःच्या समोर लिहून घेतली आणि तरीही वाचली नाही.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. अकोला जिल्ह्यात, रेल्वे रुळाला लागून असलेल्या एका गावात मी ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही नाही, कारण ती मंडळी अजून तिथेच राहतात आणि एकमेकांच्या लग्नाला जातात.

सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, "साहेब, एक बाई आली हाय. रडून नाही राहिली, पण हटून बी नाही राहिली."

अशा माणसाला मी बाकावर बसवून ठेवत नसे. रडणारा माणूस अर्धा मोकळा झालेला असतो. न रडणाऱ्याच्या पोटात काय आहे ते लवकर पाहिलेलं बरं.

बाई पन्नाशीच्या अलीकडच्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात जपलेली आरोग्य विम्याची पॉलिसी. नवरा टेलर. पाच दिवसांपूर्वी दुकानातच छातीत दुखायला लागलं म्हणून त्याला अमरावतीला एका खाजगी दवाखान्यात नेलं होतं. तीन नसा बंद निघाल्या. बायपास करावी लागेल, फार थांबता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तो अतिदक्षता विभागात नळ्या लावून पडला होता, आणि विमा कंपनीने मंजुरी नाकारली होती. दवाखान्याच्या कागदावर 'नऊ वर्षांपासून मधुमेह' अशी नोंद होती आणि पॉलिसीच्या फॉर्मवर मधुमेहाच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं होतं.

"साहेब, आमी कायले लपवू?" बाई म्हणाल्या. "एजंटानं आपल्या मनानं नाही म्हणून लिवलं. त्याले कमिशनशी मतलब. माह्या माणसानं मले सोता सांगतलं होतं का, सगळं बराबर लिवून देल्लं म्हणून."

"फॉर्म भरला तेव्हा तुम्ही होतात?"

"मी सैपाकघरात होती. पोहे करून राहिली होती."

हीच ती ओळ. जबाब लिहून घेणाऱ्या रायटरने ती टिपली आणि मी पुढचा प्रश्न विचारला.

एजंटाने परस्पर खोटं लिहिलं असं पोलीस चौकशीत निघालं तर कंपनीकडे पुन्हा दाद मागता येईल, असं बाईंना कोणीतरी सांगितलं होतं. म्हणजे नवऱ्याचं ऑपरेशन माझ्या चौकशीवर अडलं होतं, निदान त्या तसं धरून चालल्या होत्या. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "लवकर करा साहेब. त्यायच्यापाशी दिवस नाही."

एजंट कोणी परका नव्हता. बाईंच्या जावयाचा सख्खा मामा. लग्न होऊन तीन वर्षं उलटली होती, मुलगी धामणगावला नांदत होती आणि हा मामा याच गावात राहून विम्याचं काम करायचा. नात्यातल्याने नात्यातल्याला फसवण्याची प्रकरणं मी इतकी पाहिली होती की मला त्यात नवल वाटलं नाही. तिथेच माझं चुकायला सुरुवात झाली.

दुपारी ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता कोणी तरी म्हणालं, "तो विमेवाला पळून राहिला. ठेसनावर बसला हाय, ब्याग घेऊन." मी एका हवालदाराला घेऊन गेलो. माणूस खरंच फलाटावर होता, मांडीवर बॅग घट्ट धरून. ती उघडायला लावली. आत तीन कप्प्यांचा डबा, थर्मास आणि एक धुतलेली चादर.

"कुठे निघालात?"

"अमरावतीले. दवाखान्यात सून बसली हाय आमची, बापापाशी. तिले डबा."

पोलिसाला एकदा संशय आला की जेवणाच्या डब्यातही बनाव दिसतो. मी त्याला चौकशीसाठी ठाण्यात घेऊन आलो. डबा टेबलावर ठेवला आणि प्रश्न सुरू केले. फॉर्म कधी भरला, अक्षर कोणाचं, सही कोणाची, दुसरी प्रत का दिली नाही. माणूस एकच सांगत होता.

"साहेब, मी इचारलं होतं. शुगर हाय का, बीपी हाय का, एक एक इचारलं. त्यायनं नाही म्हणलं. मी नाही लिवलं. पोरीच्या बापाले मी फसवीन का?"

"सगळे असंच म्हणतात."

"मंग मी अजून दुसरं का म्हणू?"

संध्याकाळपर्यंत त्याला बसवून ठेवलं, नमुना अक्षर घेतलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर राहायला सांगून सोडलं. बत्तीस प्रश्न तरी विचारले असतील. त्यात कधी होतं, कुठे होतं, कसं होतं. कोणासमोर, हे नव्हतं.

दरम्यान धामणगावला आग लागायची ती लागली. सुनेच्या आईच्या तक्रारीमुळे आपल्या भावाला ठाण्यात बसावं लागलं, हे मुलीच्या सासूला कळलं. तिने दवाखान्यात बसलेल्या सुनेला फोन करून सांगितलं, की आता बाप बरा झाला की त्याच्याच घरी राहा. हे मला महिला शिपायाकडून समजलं. म्हणजे एका घरात ऑपरेशन अडलेलं आणि दुसऱ्या घरात संसार, आणि दोन्ही माझ्या टेबलावर. तक्रार खरी असेल तर गुन्हा दाखल करून माणसाला आत घ्यायला हवा. खोटी असेल तर? मी फाइल बंद करायचो आणि पुन्हा उघडायचो.

दुसऱ्या दिवशी औषधांचे जुने कागद ताब्यात घ्यायला बाईंच्या घरी गेलो. नवरा नऊ वर्षं गोळ्या खात होता हे तर त्याच सांगत होत्या. त्यांनी बटणांचा एक मोठा पत्र्याचा डबा काढून दिला. तळाशी गोळ्यांच्या पट्ट्या आणि मेडिकलची बिलं. एक एक बिल उलगडून पाहिलं. सगळी परतवाड्याची.

त्या घरासमोरच मेडिकलचं दुकान होतं. दारात उभं राहून हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"गोळ्या परतवाड्याहून का आणायचे?" मी विचारलं.

"तिकडं सस्त्या भेटते म्हणत."

"एसटीचं भाडं धरून स्वस्त? आणि तुम्हाला कधी शंका आली नाही? नवरा काय लपवतो हे बायकोला माहीत नसतं?"

आवाज नको तेवढा चढला होता माझा. बाईंनी मान खाली घातली. मी मात्र त्या बिलांकडे पाहत होतो. समोरच्या दुकानदाराला शुगर कळू नये म्हणून जो माणूस नऊ वर्षं परतवाड्याला जातो, त्याने ती एजंटाला सांगितली असेल? आणि मग तो न विचारलेला प्रश्न सुचला.

"बाई, तुम्ही पोहे करत होता म्हणालात. कोणासाठी?"

त्यांनी वर पाहिलं. "पावणे होते ना. पोरीले पायाले आले होते."

आमच्याकडे ही रीतच आहे. विम्याचा एजंट हा नात्यातला, ओळखीतला, नाहीतर होऊ घातलेल्या सोयऱ्यातला असतो. पॉलिसी कोणती चांगली हे कोणी पाहत नाही, घेऊन कोण आलं हे पाहतात. मामा भाच्याचं स्थळ घेऊन आला, येताना फॉर्मही घेऊन आला. मुलीच्या बापाने त्याला नाही म्हणायचं तरी कसं? आणि फॉर्म भरला तो बैठकीतच, मुलाकडची दहा माणसं पोह्यांची वाट पाहत बसलेली असताना.

पुढचं फक्त मुलगीच सांगू शकत होती. त्याच दिवशी साध्या कपड्यांत, महिला शिपायाला घेऊन अमरावतीला गेलो. ती अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर होती, चप्पल काढून पाय वर घेऊन. तिला दवाखान्याच्या मागच्या अंगणात नेलं आणि विचारलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती सांगू लागली.

"मी चाहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती साहेब. मामाजीनं इचारलं, शुगर-बीपी काही हाय का? बाबानं माह्याकडं पायलं. अन् मंग हासले. म्हणे, कायची शुगर, ठणठणीत हाओ मी."

"हे आईला का सांगितलं नाहीस?"

"बापाले शुगर हाय म्हटलं तं लोक पोरीकडं कसे पायते, तुमाले नाही मालूम? त्यायनं माह्यासाठी म्हणलं ते. आता मी बोलली तं बाबा खोटे पडते. नाही बोलली तं मामाजी आत जाते. मी का करू, तुमीच सांगा."

एवढं बोलून ती रडली, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. जबाब वाचून दाखवला, तिने सही केली.

गुन्हा दाखल झाला नाही. मामाला बोलावून मी त्याची माफी मागितली. ठाणेदाराने असं करायचं नसतं म्हणतात, मी केलं. तो म्हणाला, "माफी कायची साहेब. चुकी माही बी हाय. मी दहा लोकायत इचारलं. दहा लोकायत कोन खरं सांगते?"

मग त्याने पॉलिसी उघडून एका कलमावर बोट ठेवलं. आधीपासूनचा आजार सांगितलेला असेल, तर त्यासाठी तीन वर्षं थांबावं लागतं. पुढे तो पॉलिसीत धरला जातो. टेलरच्या पॉलिसीचं चौथं वर्ष चालू होतं. त्या दिवशी 'हो' म्हटलं असतं तर आज मंजुरी मिळाली असती. ही गोष्ट मी बाईंना सांगितली नाही. मामानेही सांगितली नसावी.

कंपनीने निर्णय बदलला नाही. पेशंटला नागपूरला सरकारी दवाखान्यात हलवलं, तिथे नंबर लागायला कित्येक आठवडे गेले. रोज सकाळी डायरी पाहण्याआधी मी अंमलदाराला विचारायचो, "नागपूरहून काही?" तो नकारार्थी मान हलवायचा आणि माझा दिवस सुरू व्हायचा. नंबर लागला, माणूस वाचला. डबा शेवटपर्यंत मामाच नेत होता, आणि त्यामुळेच की काय, धामणगावची सासूही निवळली. मी निवृत्त झालो आणि मला निरोप दिला त्या दिवशी टेलर काठी टेकत ठाण्यात आला होता. म्हणाला, "साहेब, मले वाटलं कागद हाय, कागदाले का समजते."

हे सगळं आज लिहायचं कारण घरचंच आहे. निवृत्तीनंतर खात्याचं वैद्यकीय संरक्षण गेलं. पुण्याहून मुलगा वर्षभर फोनवर मागे लागला होता, की दोघांच्या वेगवेगळ्या आरोग्य पॉलिसी घ्या. मी तीन योजनांची माहितीपत्रकं आणून तपासाच्या कागदांसारखी वाचली. खोलीच्या भाड्याची मर्यादा, थांबण्याचा काळ, अमरावतीतले कोणते दवाखाने यादीत आहेत, सगळ्याखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. आणि शेवटी पॉलिसी घेतली कोणाकडून? बायकोच्या भाच्याकडून. रविवारी तो बायको-मुलांसकट आला, सोबत त्याची आई. बैठक भरलेली. त्याने दोघांचे फॉर्म काढले, माझ्या फॉर्मवरचे प्रश्न संपवले आणि विचारलं, "आत्याला काही शुगर, बीपी?"

"तिला काय धाड भरली? काही नाही, लिही पुढे," मी म्हणालो.

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

भाच्याच्या हातून फॉर्म घेतला, सगळ्यांना अंगणात बसायला सांगितलं, दार लावलं आणि तिला समोर बसवलं. जबाब चारचौघांत घेत नाहीत हे मी नव्या फौजदारांना शिकवत आलो होतो. स्वतःच्या घरात ते पहिल्यांदाच केलं.

ती उठून देवघराच्या खणातून गोळ्यांची पट्टी घेऊन आली. बीपीच्या.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली असतील."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी त्या टेलरच्या मागं होते ना तवा. रोज नागपूरच्या फोनची वाट पाहत होते. म्हटलं, आता अजून आपलं कुठं." पट्टी माझ्या हातात देत म्हणाली, "अन् तुमी तरी कधी इचारलं?"

परक्या बाईच्या घरात उभं राहून मी आवाज चढवला होता, नवरा काय लपवतो हे बायकोला माहीत नसतं का म्हणून. त्याच दिवसांत माझी बायको एकटी डॉक्टरकडे जाऊन येत होती.

रकान्यात मी स्वतःच्या हाताने 'होय' लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिने सही केली. कंपनीचं उत्तर अजून यायचं आहे. मंजूर झालं तरी तिच्या बीपीसाठी तीन वर्षं थांबायचं आहे. आता रोज सकाळी चहाबरोबर मी तिला विचारतो, "गोळी घेतली?"