आत्याच्या घराचा हिरवा ठिपका

शिवनाथ नदीच्या काठावरच्या वस्तीत मी घरोघर एकच प्रश्न विचारत फिरत होते: मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवरची खूण दाखवली की टेपने मोजायचं आणि मोबाइलमधल्या नकाशावर ठिपका ठेवायचा. बुडणारं घर लाल, सुरक्षित घर हिरवं. नदी चढू लागली की नगरपालिकेकडून लाल घरांना आधी इशाऱ्याचा फोन जाणार होता.

त्याच वस्तीत माझी आत्या राहायची. आतोबा रेल्वेतून रिटायर झालेले आणि दोन वर्षांपासून लकव्याने खाटेवर. आत शिरले तर भिंतींना ताजा चुना, तोही फक्त कमरेपर्यंत, पुराची खूण असते तिथवरच.

"आपल्या घरी पाणी येतच नाही," आत्या म्हणाली.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटाचं राहते काय, आत्या?"

"तू लाल ठिपका लावला का उद्या जेसीबी येते. मले कावून बेघर करून राहिली?"

घरं पाडणार असं कुणीच म्हटलं नव्हतं. पण पाडणार नाहीत, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. मला तिचा राग आला आणि भांडायचा कंटाळाही. हिरवा ठिपका ठेवला, चहा प्यायले आणि सेक्टर दोनमधल्या माझ्या घरी आले.

श्रावणात वरच्या धरणाचं पाणी सोडलं. दुपारी फोन सुरू झाले. लाल घरांची यादी माझ्यासमोरच होती, तिच्यात आत्या नव्हती. आतोबांना ती एकटी उचलणार कशी? स्कूटर काढली आणि रस्ताभर स्वतःला शिव्या घालत गेले.

गल्लीतली माणसं गाद्या, सिलिंडर, बकऱ्या घेऊन निघाली होती. आत्याच्या पायरीला पाणी लागलं होतं आणि ती आत बसून भाजी चिरत होती.

"आपल्याले फोन नाही आला," ती म्हणाली. "शेजारणीले आला. नकाशा तर तूच बनवला न?"

ती थट्टा करत नव्हती. तिचंच खोटं माझ्या नकाशातून फिरून तिच्याकडे खरं होऊन आलं होतं.

शेजारच्या दोघांनी खाटेसकट आतोबांना उचललं. गुडघाभर पाण्यातून आम्ही शाळेच्या व्हरांड्यात पोचलो. तिथे मी आत्यावर ओरडले, "खोटं कावून सांगितलं?"

"मी तर भेवून सांगितलं," ती पदर पिळत म्हणाली. "तुले ठाऊक होतं, तं तू लिहिलं कावून?"

मी आतोबांचे ओले पाय पुसत बसले.