गॉगल येऊन राहिला

कुणाच्याही डोळ्यांवर गॉगल दिसला की मनोहरभाऊ तो मागून घेत आणि त्याची दांडी समोरच्या दातांवर हलकेच वाजवून पाहत. "प्लास्टिक हाये, सर. वरून मुलामा," असं म्हणत माझा गॉगल त्यांनी पहिल्याच भेटीत परत केला होता. मी नुकताच मोहाडीच्या शाळेत बदलून आलो होतो आणि साडी घ्यायला त्यांच्या दुकानात शिरलो होतो. घराणं विणकरांचं. वडिलांपर्यंत घरात माग चालले, यांनी दुकान टाकलं.

एका विलायती कंपनीचे तीन गॉगल त्यांच्याकडे होते. सगळी चौकट धातूची, हातात घेतली की वजन जाणवणारी. कंपनीने ते बनवणं कधीच बंद केलं होतं. पहिला त्यांनी लग्नानंतर नागपुरात, सुनंदावहिनींच्या पसंतीने घेतला होता. उरलेले दोन जुन्या शौकिनांकडून मिळवले. तांबूस काचांचा मात्र मिळाला नाही, आणि वहिनींना नेमका तोच आवडायचा.

"बंद झाला म्हणजे मेला नाई, सर," ते मला समजावत. "कंपनीले बी कवातरी आठवण येईन."

फोनवर अशा शौकिनांचा एक गट होता. कुणी केरळचा, कुणी परदेशातला. चर्चा एकच, हा गॉगल परत येणार का? कुणाला जाहिरातीतल्या खेळाडूच्या चेहऱ्यावर तीच चौकट दिसे, कुणाला जुन्या कारागिराला कंपनीने बोलावल्याची कुणकुण लागे. मनोहरभाऊ ते सगळं दुपारी वहिनींना वाचून दाखवत. साड्यांच्या घड्या घालता घालता वहिनी म्हणत, "तो फोटो जुना असन." मग दोघांची जुंपायची. मूल नव्हतं त्या घरात. बोलायला हे होतं.

मग वहिनींच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी भंडाऱ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकदा मीही सोबत गेलो. नळ्या लावलेल्या हाताशेजारी बसून मनोहरभाऊ ताजी खबर सांगत होते. कंपनीने म्हणे तांबूस काचांचा नमुना तयार केला होता आणि गटातल्या एकाने तो डोळ्यांनी पाहिला होता. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. तो पाहणारा माणूस भरवशाचा आहे का, असं त्यांनी बारीक आवाजात विचारलंही.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मनोहरभाऊंनी मला फोन दाखवला. कंपनीने केव्हाच कळवून टाकलं होतं, साचे मोडीत काढले, हा गॉगल पुन्हा होणार नाही. त्याखाली गट सोडून गेलेल्यांची नावं होती.

मग आत काय सांगत होतात, असं मी विचारलं.

"मनचं. रोज नवीन जुळवतो," ते म्हणाले. "तिले दुसरं काय सांगू, सर? डॉक्टर बोलला ते सांगू?"

दिवाळीच्या आधी वहिनी गेल्या. दहाव्याला तलावाच्या पाळीवर आम्ही दोघं बसलो होतो. पाण्याकडे पाहत मनोहरभाऊ म्हणाले, "शेवटी तिनं इचारलं, कवा येते? मी म्हटलं, येऊन राहिला, थोडी थांब." ते रडले नाहीत. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "थांबली नाई."

त्यानंतर दुकान उघडं असे, पण गिऱ्हाइकापुढे साडी उलगडायचा त्यांना कंटाळा येई. गिऱ्हाईक उठून जाई आणि ते जाऊ देत. कुणाच्या गॉगलकडे त्यांनी पुन्हा मान वर करून पाहिलं नाही. उन्हाळ्यात दुकान विकलं आणि सिहोऱ्याला बहिणीकडे राहायला गेले.

यंदा अचानक माझ्या वाचनात आलं की कंपनी तोच गॉगल परत काढते आहे. नवे साचे, धातू तोच. फोटोही होता, तांबूस काचांचा. मी लगेच मनोहरभाऊंना फोन लावला आणि सगळी बातमी वाचून दाखवली.

"सर," ते म्हणाले, "तुमी मले हे काहून सांगून राहिले? मी बी तिले असंच सांगत होतो."

बातमी खरी आहे, फोटो पाठवतो, असं मी परोपरीने सांगितलं. नका पाठवू, म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी तरीही पाठवला. त्यांनी तो अजून उघडलेला नाही.