पन्नासवर थांबलेली पट्टी

विशाखाला मोघम बोलणं खपत नाही. आमटीत मीठ किती घालू, असं विचारल्यावर आई "अंदाजानं" म्हणाली, की तिचं डोकं फिरायचं. पैठण रस्त्यावरच्या ढोरकीन गावची ही मुलगी शहरात, सिडकोतल्या एका लहानशा ऑफिसात ऑनलाइन सर्व्हे तयार करते. प्रश्न कसा मांडला की लोक खरं उत्तर देतात, हे शोधणं तिचं काम. ते आपल्याला चांगलंच जमतं असा तिचा समज होता, आणि तो ती लपवतही नसे.

चिकलठाण्याच्या एका कंपनीचं काम आलं. पैठण रस्त्यानं कामगार बायकांची ने-आण करणारी बस ठेवायची की बंद करायची, हे कंपनीला ठरवायचं होतं. बहुतेक बायका बहुतेक दिवस बसनं येत असतील तरच बस राहणार होती. "ड्यूटीच्या किती टक्के दिवशी तुम्ही कंपनीच्या बसनं येता?" असं विशाखानं विचारलं. खाली बोटानं सरकवायची पट्टी दिली आणि तिचं बटण मधोमध, पन्नासवर ठेवलं. दिसायला सुबक. त्याच बसनं तिची आई, गीताबाई, पॅकिंगच्या कामाला जायची. हे तिनं ऑफिसातले तिचे वरिष्ठ, राजेंद्र सर, यांना आधीच सांगून टाकलं होतं. बस गेली तर अंधार पडल्यावर काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन यावं लागणार, आणि तसं यायचं म्हटलं की आई नोकरीच सोडणार, हेही ती जाणून होती.

उत्तरं आली. सरासरी पन्नासच्या जराशी वर, म्हणजे बस बंद होणार. उत्तरं इतकी एकसारखी आल्याचं सरांना कौतुक वाटलं, सोमवारी अहवाल देऊन टाकू म्हणाले. विशाखा मनातून खट्टू झाली. पण आईसाठी आकडे वाकवायचे नाहीत, असं स्वतःला बजावत ती रविवारी गावी गेली.

गीताबाई मेथी निवडत बसली होती. बस बंद होणार ऐकून तिचा हात थांबला. रोज उभं राहून यावं लागतं इतकी गर्दी असते, मग बंद कशी करतील, असं तिनं विचारलं. विशाखानं मग तिला सर्व्हेत काय भरलंस ते विचारलं.

"म्या कायबी हलवलं नाय," गीताबाई म्हणाली. "तिथं आधीच पन्नास व्हतं. सायबानं लिहून ठेवल्यावर आपुन कशाला बोट लावायचं? समद्या बायांनी तसंच धाडलं."

साहेबानं लिहिलेलं खोडायचं नसतं, हे या बायका जन्मभर पाळत आल्या होत्या. विशाखा त्याच घरात वाढली होती, आणि नेमकं हेच विसरली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी तिनं सरांना चूक माझी आहे असं सरळ सांगितलं. सर भडकले, आता कंपनीला काय तोंड दाखवू म्हणाले. ती हटली नाही. नव्या सर्व्हेत तिनं दोनच साधे प्रश्न ठेवले: गेल्या आठवड्यात किती दिवस कामावर गेलात, आणि त्यातले किती दिवस बसनं? खाली नुसते रिकामे चौकोन. टक्के काढण्याचं काम कॉम्प्युटरवर सोपवलं.

पुढच्या रविवारी गीताबाई मोबाइल हातात धरून बराच वेळ बघत राहिली.

"इथं तर कायच लिहिलेलं नाय."

"तूच लिहायचंय, आई."

गीताबाईनं पदराला बोट पुसलं.

"मंजी खरंच मला इचारलंय व्हय."

काय लिहायचं ते विशाखानं सांगितलं नाही. गीताबाईनं दोन्ही चौकोनांत सहा लिहिले, बरोबर दिसतात ना ते मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि मग पाठवले.

टक्के नव्वदच्या पुढं गेले, बस राहिली. गीताबाई अजून बहुतेक वेळा उभ्यानंच घरी येते.