साठ मीटरवरचा रक्तदाब

बांधकामावर सगळे त्याला 'वरचा' म्हणत. टॉवर क्रेन चालवणारा माणूस, दिवसभर साठ मीटर उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसलेला. टोपणनाव शोधायला कुणाला लांब जावं लागलं नव्हतं. काम अडलं की गवंडी हसत म्हणत, "आता सगळं वरच्याच्या हातात." दोन टनांची सळयांची मोळी वाऱ्यात न हेलकावू देता सांगितल्या जागी अलगद टेकवावी तर त्यानंच. बावीस वर्षांत त्याच्या हातून कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

वर जायला शिडी होती. सकाळी सातला चढायचं, संध्याकाळीच उतरायचं. मध्ये खाली आलं तर तासभर काम खोळंबणार, म्हणून त्यानं आपल्यापुरते काही नियम करून घेतले होते. पाणी घोटभरच प्यायचं, म्हणजे लघवीला उतरावं लागत नाही. डबा न्यायचा नाही, कारण पोटभर जेवलं की डोळे मिटतात. त्याऐवजी खाऱ्या दाण्यांची पाकिटं, वेफर्स, बिस्किटं असायची. सतत काहीतरी चघळत राहिलं की झोप येत नसे. घरी गेल्यावर मात्र भूक उसळायची. तो ताटावर तुटून पडायचा आणि हात धुतल्या धुतल्या आडवा व्हायचा. बायको शेजारणीला सांगायची, "दिवसभर उपाशी असतात हो." ते ऐकून त्यालाही स्वतःची कीव यायची. पाकिटांना जेवणात धरायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

वजन असं चोरपावलांनी वाढलं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. पूर्वी एका दमात चढायची शिडी आता टप्प्याटप्प्यावर थांबवू लागली. थांबलं की कानात धडधड ऐकू यायची. सकाळी मान आणि डोक्याची मागची बाजू जड असायची. हे कशाचं लक्षण आहे ते त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याच्या थोरल्या भावाचं अंग एका सकाळी चहा पितानाच लुळं पडलं होतं. कप हातातून सुटला आणि तोंडातून शब्द निघेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, रक्तदाब कित्येक वर्षांचा असणार, कुणी मोजलाच नाही. त्या दिवसापासून ह्यानं मोजण्याचाच धसका घेतला. कंपनीच्या वार्षिक तपासणीला तो सलग दोन वर्षं रजेवर गेला.

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. खाली इशारे देण्याच्या कामावर त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. क्रेनला काँक्रीटची तयार भिंत लटकत होती आणि ती सातव्या मजल्यावर उतरवायची होती.

"भाऊजी, डावीकडे. थोडं डावीकडे," रेडिओवर मेहुणा म्हणाला.

त्यानं दांडी ढकलली आणि खाली पाहिलं. मेहुण्याचा लाल हातमोज्यातला हात पुसट झाला. मग एकाचे दोन झाले. मग खालचा अख्खा मजलाच कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसावा तसा विरघळला.

"भाऊजी, थांबा. थांबा म्हणतोय ना."

त्यानं दोन्ही हात दांड्यांवरून काढून घेतले. हात सुटले की क्रेन आपोआप थांबते, एवढं एकच त्याला आठवलं. भिंत हवेत झुलत राहिली. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते, तळहातांना घाम फुटला होता, आणि खाली कोण उभं आहे हे त्याला ठाऊक होतं. ओरडून सांगावं म्हटलं तर त्याला वेगळीच भीती वाटली. आपल्या तोंडून शब्द निघाला नाही तर?

"बाजूला व्हा सगळे," तो शेवटी म्हणाला. शब्द नीट निघाला. स्वतःचाच आवाज ऐकून त्याला रडू फुटलं.

नजर निवळायला दहा मिनिटं लागली. मग त्यानं भिंत कशीबशी मोकळ्या जागी टेकवली. खरा कस लागला तो उतरताना. दुसरा क्रेनवाला दोर घेऊन वर आला, त्यानं तो ह्याच्या कमरेला बांधला, आणि एकेक पायरी मोजत ह्याला खाली आणलं. खाली पाय टेकले तेव्हा मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा पाहून त्यांनी पुन्हा मोजलं.

"वरचा फार वाढलाय," त्या म्हणाल्या.

मेहुण्यानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. बाईंना त्या बघण्याचा अर्थ कळला नाही. "वरचा आकडा एकशे शहाण्णव, खालचा एकशे दहा. दिवसभर काय खाता?"

"काहीच नाही," तो म्हणाला. मग खिशातली पाकिटं काढून त्यानं टेबलावर ठेवली.

बाईंनी पाकिटं उलटून बारीक अक्षरं वाचली. "हे काहीच नाही? दिवसभराचं मीठ यातच आलं. त्यात पाणी नाही, हालचाल नाही आणि झोपताना पोट तुडुंब. क्रेनवर तुम्ही दुप्पट वजन लावाल का? हृदयावर रोज लावताय."

साहेबाला सांगावं तर क्रेन जाणार, न सांगावं तर कुणाचा तरी जीव. इकडे आड तिकडे विहीर. रात्रभर तळमळून सकाळी त्यानं सांगून टाकलं. साहेबानं त्याला खाली घेतलं, मेहुण्याच्या जोडीला, इशाऱ्याच्या कामावर. आता दिवसभर पायपीट होती, वेळेवर डबा होता, पाणी होतं, गोळी होती. बायकोनं भाजीतलं मीठ निम्म्यावर आणलं. पहिला आठवडा दोघंही तोंड वाकडं करून जेवली. रोज सकाळी घरी आणलेल्या रक्तदाबाच्या मशीनचा पट्टा फुगू लागला की तो डोळे मिटून घ्यायचा. पण आकडा हळूहळू उतरला. सात महिन्यांत नऊ किलो वजन गेलं आणि डॉक्टरबाईंनी क्रेनवर जायची चिठ्ठी दिली.

पुन्हा वर जायच्या आदल्या संध्याकाळी बायको खुशीत होती. "बघू बरं माझं," म्हणत तिनं गमतीनं दंड पुढे केला.

एकशे ब्याऐंशी, एकशे सहा.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली. त्यानं स्वतःचं मोजलं. मशीन ठीक होतं. वीस वर्षं दोघं एकाच पातेल्यातलं जेवत होती. ती दिवसभर घरी शिलाईच्या मशीनवर बसून असायची, उरलंसुरलं टाकवत नाही म्हणून तेही पोटात ढकलायची, आणि मीठ कमी केल्यावर स्वतःच्या ताटात वरून घ्यायची. हे त्यानं रोज पाहिलं होतं आणि कधी त्याबद्दल तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

"मला तर काही होत नाही. डोकंसुद्धा दुखत नाही," ती म्हणाली.

"दादालाही काही होत नव्हतं," तो म्हणाला. त्याच संध्याकाळी तो तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला.

आता तो दुपारी शिडी उतरून खाली जेवायला येतो. साहेब कुरकुरला तरी. डबा उघडण्याआधी घरी फोन लावतो.

"गोळी?"

"घेतली."

"चालून आलीस?"

"एवढी बाही लावते नि जाते."

"बाही नंतर. चपला घाल."

ती पुटपुटते, खुर्ची सरकते. दार ओढल्याचा आवाज येईपर्यंत तो फोन कानाला धरून बसतो. एखाद्या दिवशी तो आवाज यायला वेळ लागतो, आणि तोवर त्याचा डबा बंदच राहतो.