लोको शेडचा दुसरा अल्बम आणि माझी डुलकी

आमच्या 'लोको शेड' बँडचा दुसरा अल्बम पहिल्यानंतर चोवीस वर्षांनी आला, आणि त्यातल्या सगळ्यात सुंदर गाण्यात मी झोपलेलो आहे.

लोको शेड म्हणजे आम्ही तिघं. विलास गायचा आणि गिटार वाजवायचा, भीमराव ड्रम बडवायचा, मी बास गिटार. तिघंही रायपूरच्या रेल्वे ऑफिसातले कारकून. तरुणपणी खांद्यापर्यंत केस वाढवून आम्ही मराठीत रॉक गायचो. (कॉलनीच्या गणपतीत आमच्या कार्यक्रमानंतर आरती ठेवत, म्हणजे पळालेले लोक परत येतील!) एक कॅसेटही काढली. तिच्यामुळे नाव झालं नाही, पण मला बायको मिळाली. शोभा, विलासची धाकटी बहीण. तिनं कॅसेट ऐकून होकार दिला की ऐकूनसुद्धा दिला, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

पुढे केस गेले, बँड गेला. रायपूर राजधानी झालं. पंडरी बाजाराच्या गर्दीत लाल दिव्यांच्या गाड्या अडकू लागल्या आणि समता कॉलनीत छत्तीसगढी गाण्यांच्या सीडी काढणारे स्टुडिओ उघडले. अशात एका रविवारी विलास घरी आला.

"अल्बम काढू," तो म्हणाला. आवाज बसलेला.

"ह्या वयात? आता काहून रे?"

"गळ्यात गाठ निघाली. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणते बोलता येईन, गाण्याचं काही सांगता येत नाही."

शोभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोळे पुसून ती म्हणाली, "काढा. आणि माझ्या दादाच्या गाण्यात काही गडबड केली ना तुम्ही, तर पाहाच!" (भीमरावही तिथंच बसला होता. पण ती बघत होती माझ्याकडे!)

स्टुडिओ एका बाईंचा होता. आम्ही त्यांना दीदी म्हणायचो. मे महिना, बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आत भिंतींना गाद्या लावलेली खोली आणि तिच्यात एसी. त्या खोलीत शिरलं की स्वर्गात बदली झाल्यासारखं वाटायचं. सात गाणी झाली. आठवं, शेवटचं, एकदम संथ होतं. विलासची अभनपूरला बदली झाली होती तेव्हा तो छतावर खाट टाकून झोपायचा, त्या चांदण्यांवरचं. त्यात फक्त तो आणि त्याची गिटार.

"तुम्ही दोघं समोर बसा," तो म्हणाला. "मले एकट्याले गाता येत नाही."

बसलो. विलासनं पहिली ओळ घेतली, खरखरीत पण इतकी हळुवार की मी डोळे मिटले. फक्त नीट ऐकण्यासाठी! मग ती खोली हळूच वर उचलली गेली. मी छतावरच्या खाटेवर होतो. खालून ओल्या मातीचा वास येत होता, चांदण्या हाताला लागतील इतक्या खाली आल्या होत्या, आणि माझ्या डोक्यावर केस होते, चक्क खांद्यापर्यंत! शेजारच्या खाटेवर तरुण विलास गात होता आणि त्याला कसलीच गाठ नव्हती. दूर कुठेतरी कोळशाचं इंजिन संथपणे फुसफुसत होतं.

ते इंजिन मीच होतो.

जाग आली तेव्हा गाणं संपलं होतं. विलास रडत होता. भीमरावही रडत होता. (ड्रमनं त्याचे कान कधीच कामातून गेलेत, त्याला इंजिन ऐकूच आलं नव्हतं.) काचेपलीकडून दीदी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"एक टेक और हो जाए, भैया?" त्यांनी विलासला विचारलं.

विलासनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. आवाज संपला होता.

तो बाहेर पाणी प्यायला गेला तसा मी दीदींकडे धावलो. "दीदी, वो... निकल जाएगा ना?"

"कैसे निकलेगा? भैया की आवाज के साथ मिल गया है. उसको काटूंगी तो गाना भी कटेगा."

"तो किसी को बताना मत!"

"हव, नहीं बताऊंगी," दीदी म्हणाल्या आणि खुर्ची फिरवून मनसोक्त हसल्या.

ऑपरेशन झालं. सीडी आली. प्रकाशन एका छोट्या हॉलमध्ये होतं. विलास गळ्याला पट्टी बांधून पहिल्या रांगेत बसला होता, बोलायची बंदी म्हणून हातात वही. मी दाराजवळची खुर्ची पकडली. (पळायला सोयीची!) आठवं गाणं सुरू झालं आणि हॉल चांदण्यात बुडाला. कुणी हलेना. दुसऱ्या कडव्यात ते आलं. घुर्र... फूस.

"लाटा आहेत का हो?" माझ्यापुढच्या काकांनी शेजारच्या भीमरावच्या कानाशी मोठ्यानं विचारलं.

"मशीन असते तशी," भीमराव छाती फुगवून म्हणाला. "दीदीची कमाल!"

तेवढ्यात शोभा ताडकन उठली. "लाटा कायच्या? हे तर आमच्या घरचं आहे! रोज उशाशी ऐकून राहिली मी!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी उभा राहिलो. "विलास, मी झोपलो रे त्या दिवशी. तुझं गाणं... माफ कर मले."

विलासनं वहीत काहीतरी खरडलं, बराच वेळ, आणि वही शोभाकडे दिली. तिनं वाचलं आणि तिला हसू आवरेना. मग तिनं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं: "मले तेव्हाच ऐकू आलं होतं. कानाले हेडफोन होते ना, बावळटा! थांबणारच होतो. पण इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा तालात होता."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. विलासचे खांदे गदगदत होते, आवाज न करता हसत होता तो, गळ्याची पट्टी धरून. दोन महिन्यांनी त्याचा बोलण्यापुरता आवाज परत आला. गाण्याचा नाही आला. पण ते गाणं राहिलं, आणि तो ते कुणालाही अभिमानानं ऐकवतो, माझ्या घोरण्यासकट.

त्या दिवशी हॉलमध्ये मात्र लोक उभे राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. माझ्या कलेला आयुष्यात मिळालेली ती पहिली दाद, आणि ती कला सादर होत असताना खोलीत हजर नव्हतो तो एकटा मीच!