पनवेलचं ऊन आणि आमचे बिल्ले

आमच्या कामात पगार बेताचा, पण किस्से भरपूर. माणसाच्या अंगावर रोज अतिनील किरणं किती पडतात, हे आम्ही मोजतो. लोकांच्या खांद्यावर एक बिल्ला लावायचा, त्यातली पातळ फिल्म नंतर लॅबमध्ये तपासायची आणि "तुम्ही उन्हात किती वेळ असता?" हेही विचारायचं. बिल्ला आणि उत्तर जुळलं की आम्ही जिंकलो. पण दर बिल्ल्याबरोबर एक किस्सा फुकट यायचा.

कोन गावच्या एका शेठचा बिल्ला आला आणि लॅबवाले म्हणाले, "हा माणूस दिवसभर शेतात उभा असतो का?" शेठ तर एसी गाडीतून पाय खाली ठेवत नाहीत. मी आणि माझी सहकारी नाझनीन त्यांच्याकडे गेलो. बिल्ला शर्यतीच्या बैलाच्या झुलीला लावला होता म्हणे.

"अहो, बिल्ला तुम्हाला दिला होता ना?"

"मंग? तो पन घरचाच हाय!"

नाझनीनचे चाचा गल्फमधून कायमचे परत आलेत. सगळी उमर तिकडे बांधकामावर गेली. बिल्ला लावून घेताना त्यांनी विचारलं, "बेटा, तिकडचं जुनं ऊन यात येईल का?"

"नाही चाचा, आजपासूनचं फक्त."

"म्हणजे सगळी मेहनत पाण्यात," चाचा म्हणाले आणि मोठ्यानं हसले. आम्हाला मात्र हसू आलं नाही.

अशात मुंबईहून आमच्या साहेबांचा, साठे सरांचा, फोन आला. बिल्ले एक सांगतात, लोक भलतंच. "पनवेलचे लोक थापा मारतात. जुळत नसेल तर पनवेल बंद करून दुसरं गाव घेऊ." माझं डोकंच फिरलं. दारोदार फिरून माणसं जोडलेली, आणि एका फोनवर सगळं गुंडाळायचं?

सगळ्यात मोठी तफावत करंजाडे गावच्या हिराबाईंची. उत्तर होतं "उन्हात जात नाही", आणि बिल्ला बैलाच्याही पुढे. आम्ही दुपारी त्यांच्या घरी थडकलो. बाई अंगणात डोक्यावर पदर घेऊन जवळा सुकायला पसरत होत्या. वर सूर्य नुसता तापलेला.

"मावशी, तुम्ही तर म्हणालात उन्हात जात नाही."

"नाय गो बाय. आमी कवा उन्हात जातो?"

"मग हे काय?"

हिराबाईंनी आधी अंगणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्ये कसलं ऊन? ह्ये काम हाय."

थापा कोणीच मारत नव्हतं, आमचा प्रश्नच चुकला होता. त्या संध्याकाळी आम्ही 'ऊन' हा शब्दच खोडून टाकला. आता विचारायचं, "काल कोणकोणती कामं केलीत, आणि कुठं बसून?" लोक सुटले. पापड, जवळा, गच्चीवरची गादी, शाळेच्या गेटवर नातवाची वाट बघणं, सगळं बाहेर आलं. बिल्ले आणि उत्तरं एकदम जुळायला लागली. नाझनीननं ऑफिसभर पेढे वाटले.

सरांचा तरी विश्वास बसेना. ते स्वतः पनवेलला आले आणि बिल्ला लावून घेतला. "मी सावलीतला माणूस. घर, गाडी, ऑफिस. माझा बिल्ला कोरा येतो की नाही बघा." सोमवारी तो परत करून गेले.

निकाल आला. सर हिराबाईंच्या खालोखाल!

ते तडक पनवेलला आले. "तुमची फिल्मच खराब आहे," म्हणाले. नाझनीननं शांतपणे आमचा नवा प्रश्न वाचला, "सर, रविवारी कोणकोणती कामं केलीत, आणि कुठं बसून?"

 सरांनी उठून केबिनचं दार लोटलं, पनवेलची फाइल पुढे ओढली, 'चालू ठेवा' लिहून सही केली आणि हळूच म्हणाले, "गच्चीवर. कुरडया. पण कावळे हाकलल्याचं रिपोर्टमध्ये लिहू नका."